प्रायमरी लवकर हवी? आधी पक्ष गाठा, विधेयक नंतर

अमेरिकेत आपल्या राज्याची अध्यक्षीय प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्राथमिक मतदान) फेब्रुवारीत व्हावी म्हणून धडपडणारे गट बहुधा एकाच ठिकाणी घसरतात. ओळखीचा आमदार गाठतात, दोन ओळींचे विधेयक मांडायला लावतात, ते मंजूरही होते, आणि मग कळते की राष्ट्रीय पक्षाला ती तारीख मान्यच नाही. राज्याचे निम्मे किंवा त्याहून जास्त डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, कापले जातात, उमेदवार फिरकत नाहीत आणि खर्च मात्र होतो.

तिथल्या मराठी कार्यकर्त्यांची याशिवाय एक वेगळी गफलत होते. भारतातल्या सवयीने ते निवडणूक आयोग शोधतात. अमेरिकेत तारखा ठरवणारा असा केंद्रीय आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन फक्त निवडणुकीतल्या पैशाचे नियम पाहते, तारखेबद्दल त्यांना पाठवलेले पत्र वाया जाते. तारीख ठरते ती राज्याचा कायदा, राज्याचे अधिकारी आणि दोन राष्ट्रीय पक्षांच्या समित्या यांच्या ओढाताणीतून. डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटीला पुढे डीएनसी आणि रिपब्लिकन नॅशनल कमिटीला आरएनसी म्हटले आहे.

सुरुवातीआधी: तुम्हाला काय करता येते

नागरिकांना सगळेच खुले आहे. ग्रीन कार्डधारक मत देऊ शकत नाहीत, पण आमदारांना भेटू शकतात, सुनावणीत बोलू शकतात, पक्षाला देणगीही देऊ शकतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी पक्षाला किंवा उमेदवाराला एक डॉलरही देऊ नये, आणि असा पैसा कुठे खर्चावा याच्या निर्णयातही बसू नये. विनामोबदला वेळ देणे आणि विधेयकावर मत मांडणे त्यांनाही चालते.

महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३) या करमुक्त धर्मादाय प्रकारात नोंदलेले असेल तर जास्त जपा. अशा संस्थेला विधेयकासाठी मर्यादित लॉबिंग करता येते. फॉर्म ५७६८ भरून ५०१(एच)चा पर्याय घेतला, तर संस्थेच्या पात्र खर्चातील पहिल्या पाच लाख डॉलरांच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम त्यासाठी वापरता येते. त्यातही जनतेला ‘आमदाराला फोन करा’ असे आवाहन करण्यावर त्या मर्यादेचा चौथा भागच खर्चता येतो. उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात मात्र काहीच करता येत नाही.

*सावधान:* एखाद्या पक्षाच्या अर्जावर मंडळाचे नाव किंवा लेटरहेड वापरू नका. सह्या व्यक्ती म्हणून करा. पगार देऊन माणूस नेमणार असाल तर राज्याची लॉबिस्ट नोंदणी लागते का, ते आधी विचारून घ्या.

टप्पा १: तारीख नेमकी कोणाच्या हातात आहे ते शोधा

इथे अंदाज चालत नाही. राज्याच्या निवडणूक कायद्यातले कलम उघडून वाचा. ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

पहिला, तारीख कायद्यातच लिहिलेली असते. मिशिगनमध्ये ‘फेब्रुवारीचा चौथा मंगळवार’ असे शब्द आहेत. बदल हवा तर दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरची सही लागते.

दुसरा, तारीख सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुका पाहणारा राज्याचा अधिकारी, ठरवतो. जॉर्जियात असे आहे. न्यू हॅम्पशायरमध्येही आहे, पण तिथे कायद्याने त्याला बांधून ठेवले आहे: तशाच दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आपली प्रायमरी व्हायला हवी.

तिसरा, तारीख पक्ष ठरवतो आणि मतदान राज्य घेते. साउथ कॅरोलायनात २०२४ साली डेमोक्रॅट ३ फेब्रुवारीला आणि रिपब्लिकन २४ फेब्रुवारीला मतदानाला गेले. कॉकसच्या, म्हणजे पक्षाच्या सभांतून कौल घेणाऱ्या, राज्यांत तर मतदान घेण्याची जबाबदारीही पक्षावरच असते.

चुकीच्या दारावर धडका मारल्या की काय होते, ते जॉर्जियाने दाखवले. डीएनसीने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या राज्याला १३ फेब्रुवारी २०२४ ही तारीख देऊन टाकली. राज्याचे रिपब्लिकन सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांच्या कार्यालयाचे म्हणणे साधे होते: दोन्ही पक्षांची प्रायमरी एकाच दिवशी हवी, आणि कोणाचे डेलिगेट जाता कामा नयेत. प्रायमरी १२ मार्चलाच झाली. वॉशिंग्टनमधली सगळी मेहनत एका माणसाच्या होकाराअभावी फुकट गेली.

*तपासणी:* ‘तारीख बदलण्यासाठी कोणाकोणाची सही लागते?’ याचे उत्तर नावे आणि पदांसह एका ओळीत लिहिता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: दोन्ही पक्षांचे नियम समोरासमोर ठेवा

डीएनसीच्या नियमांनुसार साधारण राज्यांची खिडकी मार्चच्या पहिल्या मंगळवारी उघडते आणि जूनच्या दुसऱ्या मंगळवारी बंद होते. त्याआधी मतदान घ्यायचे तर तिच्या रूल्स अँड बायलॉज कमिटीची परवानगी हवी. परवानगीशिवाय घेतल्यास निम्मे डेलिगेट आपोआप कापले जातात. त्या राज्यात प्रचार करणाऱ्या उमेदवारालाही दंड बसतो, आणि खरी मेख इथेच आहे. न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारी २०२४ ला डीएनसीला न जुमानता प्रायमरी घेतली, तेव्हा बायडन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हतेच. समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले.

आरएनसीचे गणित आणखी कडक आहे. आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना आणि नेवाडा वगळता कोणीही १ मार्चच्या आधी मतदान घ्यायचे नाही. मोडले तर ३० किंवा अधिक डेलिगेट असलेल्या राज्याला फक्त ९ आणि आरएनसीचे तीन सदस्य, एवढेच उरतात. त्याहून लहान राज्याला ६ अधिक ३. म्हणजे ५५ डेलिगेट असलेले मिशिगन १२ वर येते. पक्षाची राष्ट्रीय अधिवेशने सोडून मधल्या काळात हा नियम बदलायचा तर १६८ पैकी तीन चतुर्थांश, म्हणजे १२६ सदस्यांची मते लागतात, आणि त्यालाही मुदत असते. नव्या राज्यासाठी ती मिळतील असे धरून चालू नका.

‘पक्ष शेवटी माफ करतो’ हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी करतोच. त्याला आधार २००८ चा असतो. मिशिगनने १५ जानेवारीला आणि फ्लोरिडाने २९ जानेवारीला मतदान घेतले, डीएनसीने सगळे डेलिगेट काढून घेतले, ३१ मे रोजी अर्धी मते परत दिली आणि अधिवेशनात पूर्ण. हे खरे, पण तोवर शर्यत संपली होती. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामा आणि एडवर्ड्स यांनी नावे काढून घेतली होती. डेलिगेट परत मिळाले, प्रभाव मिळाला नाही, आणि लवकर तारखेचा हेतूच तर प्रभाव हा होता.

*सावधान:* राजकीय बातम्यांतला नियमांचा सारांश वापरू नका. दोन्ही समित्या दर चार वर्षांनी नियम नव्याने छापतात, कलमांचे क्रमांकही हलतात. चालू आवृत्तीच हाताशी ठेवा.

टप्पा ३: मतदानाच्या दिवसापासून उलटे मोजा

याच टप्प्यात सर्वाधिक प्रस्ताव आतून पोकळ निघतात. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे सैनिकांना आणि परदेशी राहणाऱ्या नागरिकांना मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवाव्या लागतात. पुण्यात किंवा मडगावात येऊन राहिलेल्या अमेरिकी नागरिकाचे मतही यातच मोडते.

समजा, तुम्ही मंगळवार, १५ फेब्रुवारी २०२८ धरलात. ४५ दिवस मागे गेलात की १ जानेवारी २०२८ येते. तो शनिवार आहे आणि नववर्षाचा दिवस. त्याची सरकारी सुटी आदल्या शुक्रवारी पाळली जाईल. म्हणजे मतपत्रिका गुरुवार, ३० डिसेंबरला टपालात पडल्या पाहिजेत. त्याआधी छपाई, प्रुफे, वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या आणि मतमोजणी यंत्रांच्या फाइली. त्याला किमान दोन आठवडे धरा. उमेदवारांची यादी म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच कायम झाली पाहिजे. यादीवर हरकती आणि कोर्टकज्जे यांना दोन-तीन आठवडे सोडा. त्यात २५ नोव्हेंबरचा थँक्सगिव्हिंग येतो. अर्ज भरण्याची शेवटची तारीख अशी ढकलत ढकलत नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाते.

आता राज्याच्या कायद्यात अर्जाची मुदत काय आहे ते पाहा. ती जानेवारीत असेल तर तुमची तारीख आजच्या कायद्यात बसतच नाही. ही विसंगती विरोधक शोधून काढण्याआधी तुम्ही शोधा.

याच कागदावर आणखी काही तारखा लिहा: मतदार नोंदणीची मुदत, पक्ष बदलण्याची मुदत, टपाली मतपत्रिकेच्या अर्जाची मुदत, लवकर मतदानाचा पहिला दिवस, स्थानिक आणि शाळा मंडळाच्या निवडणुका. पक्ष बदलण्याची मुदत हमखास विसरली जाते. अपक्ष म्हणून नोंदलेल्या मतदाराला फेब्रुवारीत मत द्यायचे तर ऑक्टोबरातच जागे व्हावे लागेल, असे बंद प्रायमरीच्या (फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मत देता येते अशा) राज्यात घडू शकते.

*तपासणी:* शेजारच्या राज्यांच्या तारखाही त्याच कागदावर आहेत ना? लवकर असणे आणि एकटे असणे वेगळे. ५ फेब्रुवारी २००८ ला वीसहून अधिक राज्यांनी एकदम मतदान घेतले, आणि त्यात लहान राज्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

टप्पा ४: निवडणूक प्रत्यक्ष घेणाऱ्यांकडे जा

आमदारांच्या आधी काउंटी क्लार्क. काही राज्यांत हे काम शहर किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे असते. उलट्या कॅलेंडरचा कागद घेऊन मोठी, मध्यम आणि अगदी लहान अशा तीन तरी काउंट्यांत बसा. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: छपाईचा कंत्राटदार डिसेंबरात मोकळा असतो का, मतदान केंद्रे शाळांत आहेत का आणि त्या दिवशी शाळा चालू असेल का, बर्फ पडल्यास पर्यायी जागा कोणती, केंद्रावर काम करणारी माणसे हिवाळ्यात मिळतात का. त्यातली बरीच निवृत्त मंडळी असतात आणि थंडीत फ्लोरिडाला गेलेली असतात.

मग पैसा. अध्यक्षीय प्रायमरी राज्याच्या इतर प्रायमरीपासून वेगळी काढली की एक पूर्ण निवडणूक वाढते. कॅलिफोर्नियाने २००८ साली ती फेब्रुवारीत आणली, २०१२ साली पुन्हा जूनमध्ये नेली, आणि २०२० मध्ये मार्चला आणताना राज्याच्या इतर प्रायमरीही सोबत हलवल्या. न्यू जर्सीनेही २००८ ला फेब्रुवारी आणि २०१२ ला परत जून असाच फेरा केला. हे तुमचे आमदार विचारणारच. उत्तर म्हणून खर्चाचा आकडा वर्तमानपत्रातून घेऊ नका. मागच्या वेगळ्या निवडणुकीचा खर्च काउंटीकडून लेखी मागवा आणि त्याला मतदान केंद्रांच्या संख्येने भागून दाखवा.

*सावधान:* क्लार्कांच्या संघटनेने उघड विरोध केला तर विधेयक बहुतेक समितीतच मरते. पाठिंबा मिळत नसेल तर निदान ‘तटस्थ’ अशी भूमिका लेखी मिळवा.

टप्पा ५: दुसऱ्या पक्षाचा सहप्रस्तावक मिळवा

हे शोभेसाठी नाही. मिशिगनचे २०२३ चे विधेयक नीट वाचले तर कारण कळते. गव्हर्नर व्हिटमर यांनी १ फेब्रुवारी २०२३ ला सही केली, पण कायदा तातडीने लागू करायला लागणारे दोन तृतीयांश बहुमत मिळाले नव्हते. तिथे असा कायदा अधिवेशन संपल्यावर ९० दिवसांनी लागू होतो. अधिवेशन नेहमीप्रमाणे डिसेंबरअखेर चालले असते, तर कायदा २७ फेब्रुवारी २०२४ च्या मतदानानंतर अमलात आला असता! शेवटी विधिमंडळाने १४ नोव्हेंबरलाच गाशा गुंडाळला, तेव्हा कुठे जमले.

एवढ्यावर भागले नाही. आरएनसीच्या नियमात ती तारीख बसत नव्हती, म्हणून मिशिगनच्या रिपब्लिकनांनी ५५ पैकी १६ डेलिगेट प्रायमरीतून आणि उरलेले ३९ पक्षाने २ मार्चला घेतलेल्या कॉकसमधून दिले. नेवाडात तर त्याहून विचित्र घडले. राज्याची प्रायमरी ६ फेब्रुवारीला, रिपब्लिकनांचे कॉकस ८ तारखेला, ट्रम्प फक्त कॉकसमध्ये. प्रायमरीत उमेदवार निकी हेली ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाकडून हरल्या. राज्याने पैसे खर्चून घेतलेल्या मतदानातून रिपब्लिकन बाजूला एकही डेलिगेट निघाला नाही.

म्हणून दुसऱ्या पक्षाच्या राज्य अध्यक्षांना विधेयक मांडण्यापूर्वी भेटा. त्यांना पटवणे हा हेतू धरू नका. त्यांच्या डेलिगेटांचे काय करायचे, याचा पर्याय सोबत न्या. बहुतेकदा पर्याय दोनच असतात: पक्षवार वेगळी तारीख, किंवा मिशिगनसारखी विभागणी.

टप्पा ६: राष्ट्रीय पक्षाकडे अर्ज

डेमोक्रॅटिक बाजूला ही आता रीतसर प्रक्रिया आहे. २०२२ साली डीएनसीच्या रूल्स अँड बायलॉज कमिटीने तीन कसोट्या लावल्या: मतदारांची विविधता, सार्वत्रिक निवडणुकीतली चुरस आणि प्रायमरी घेण्याची व्यवहार्यता. जून २०२२ मध्ये १६ राज्ये आणि प्युर्टो रिको यांनी समितीसमोर सादरीकरण केले. २०२८ साठीच्या अर्जांची मुदत जानेवारी २०२६ मध्ये संपली, बारा राज्यांनी अर्ज केले. त्या बारांत तुमचे राज्य नसेल तर २०२८ साठी खिडकीच्या आतली, म्हणजे मार्चमधली तारीख बघा आणि फेब्रुवारीचा अर्ज २०३२ साठी तयार करा.

अर्ज राज्य पक्षानेच करायचा असतो. नागरी गट त्याला साहित्य पुरवू शकतो. त्यात वजन कशाला, हे नीट समजून घ्या.

विविधतेचा भाग सगळेच छान लिहितात. आशियाई, दक्षिण आशियाई मतदारांचा मुद्दा तुमच्या गटाकडून येणे स्वाभाविक आहे, तो जनगणनेच्या आकड्यांनी मांडा, सणांच्या छायाचित्रांनी नव्हे. कामगार संघटना, ग्रामीण भाग, राज्यातली वेगवेगळी अर्थव्यवस्था हेही लिहा. चुरस मागच्या निकालांतल्या फरकावरून दिसतेच, तिथे फार शब्द खर्चू नका.

अर्ज पडतो तो व्यवहार्यतेवर. ‘गव्हर्नर अनुकूल आहेत’ हे वाक्य समितीला पुरत नाही. कोणते कलम बदलायचे, त्याला किती मते लागतात, ती आज कुठे आहेत, बदल कधी लागू होईल, सेक्रेटरी ऑफ स्टेटची लेखी भूमिका काय, हे सगळे हवे. टप्पा १ ते ५ चे कागद इथे जोडायचे असतात, आणि म्हणूनच ते आधी करायचे. कॉकसऐवजी राज्याने घेतलेली प्रायमरी असेल तर ते ठळक लिहा. ३ फेब्रुवारी २०२० ला आयोवाच्या कॉकसच्या निकालांचे ॲप कोलमडल्यापासून समिती या बाबतीत हळवी आहे.

प्रचाराचा खर्चही मांडा. टीव्हीच्या जाहिराती किती बाजारपेठांत द्याव्या लागतात, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडीने किती वेळ लागतो. कमी पैशांच्या उमेदवाराला राज्य परवडते का, हा प्रश्न मोठ्या राज्यांना भारी पडतो. उत्तर टाळू नका.

*सावधान:* ‘आम्हाला पहिला नंबर द्या’ ही मागणी जवळपास नेहमी चुकते. न्यू हॅम्पशायरचा सात दिवसांचा कायदा तुमच्या पुढे उडी मारायलाच लिहिलेला आहे. सुरुवातीच्या गटात जागा मागा, क्रमांक नको. १९९६ साली डेलावेअरने न्यू हॅम्पशायरनंतर अवघ्या चार दिवसांनी प्रायमरी ठेवली, त्यावर वाद पेटला आणि बॉब डोल यांच्यासारख्या आघाडीच्या उमेदवाराने तिकडे पाठ फिरवली.

टप्पा ७: आता विधेयकाचा मसुदा

दोन ओळींत भागत नाही. मसुद्यात पुढील गोष्टी हव्यातच:

- ठरावीक तारखेऐवजी ‘अमुक महिन्याचा अमुक मंगळवार’.
- परतीचे कलम: विशिष्ट दिवसापर्यंत राष्ट्रीय पक्षाची लेखी मान्यता आली नाही, तर प्रायमरी आपोआप मार्चच्या पहिल्या मंगळवारी. २०२८ साठी तो दिवस ७ मार्च.
- त्या निर्णयाचा दिवस आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आत. आरएनसीकडे राज्य पक्षाचे नियम त्या दिवसापर्यंत दाखल व्हावे लागतात.
- टप्पा ३ च्या कागदावरच्या सगळ्या मुदती, ‘मतदानाच्या इतके दिवस आधी’ अशा भाषेत.
- स्थानिक क्लार्कांना खर्चाची भरपाई आणि त्यासाठी तरतूद.
- एकच उमेदवार उरल्यास प्रायमरी रद्द करण्याची मुभा. बिनविरोध लढतीचा खर्चही पूर्णच येतो.
- लागू होण्याची तारीख, स्पष्ट शब्दांत.

परतीचे कलम नसलेल्या विधेयकाला पाठिंबा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमदारांना ते ‘कच खाणे’ वाटते. पण तेच एक कलम त्यांना पुढे डेलिगेट गमावल्याच्या ठपक्यातून वाचवते, हे समजावून सांगा.

*तपासणी:* मसुदा एका क्लार्कला आणि दोन्ही पक्षांच्या वकिलांना वाचायला दिला का? निवडणूक कायद्यात एकच मुदत चार कलमांत विखुरलेली असते, एक तरी सुटतेच.

टप्पा ८: समितीतली सुनावणी

प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. क्रम महत्त्वाचा: पहिला क्लार्क, मग दुसऱ्या पक्षाचा सहप्रस्तावक, मग स्थानिक व्यापारी किंवा कामगार प्रतिनिधी, शेवटी तुमचा गट. आपल्याकडे उत्साहाने पंधरा जण नाव नोंदवतात आणि सगळे तेच बोलतात. दोघे पुरेत. बाकीच्यांनी आपापल्या मतदारसंघातल्या आमदाराला एक पानाचे पत्र द्यावे.

राज्य किती थोर आहे हे सांगण्यात वेळ घालवू नका. खर्च, डेलिगेट आणि बर्फ या तीन प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ ठेवा. चौथा प्रश्न ‘दंड झाला तर?’ हा असतो. त्यावर परतीच्या कलमाचा क्रमांक सांगून थांबा.

टप्पा ९: सहीनंतर

डेमोक्रॅटिक राज्य पक्षाला आपली डेलिगेट निवड योजना ३० दिवस जनतेच्या सूचनांसाठी खुली ठेवावी लागते, मगच ती डीएनसीच्या समितीकडे जाते. या तीस दिवसांत योजना स्वतः वाचा. नवी तारीख कायद्यात आणि जुनी योजनेत, असे घडू शकते, आणि मग योजना दुरुस्तीसाठी परत येते. रिपब्लिकन पक्षाकडे १ ऑक्टोबरआधी दाखल केलेल्या नियमांची प्रत मागा.

त्यानंतर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावरचे निवडणूक कॅलेंडर तपासा. अर्जाची मुदत, पक्ष बदलण्याची मुदत आणि परदेशी मतपत्रिकांचा दिवस हे तिन्ही नव्या कायद्याप्रमाणे छापलेले नसतील, तर लेखी कळवा. मतदारांना पत्रके वाटायला त्यानंतरच सुरुवात करा, आणि त्यात मतदानाच्या दिवसापेक्षा पक्ष बदलण्याची मुदत मोठ्या अक्षरात छापा.